उत्तराची प्रतीक्षा : नवलेखक, प्रकाशक आणि मराठी ग्रंथव्यवहारातील विलंब

१. प्रश्नाचे स्वरूप

साहित्यकृती लिहून पूर्ण होणे आणि ती छापून वाचकाच्या हाती पडणे, या दोन घटनांमधील काळाकडे वाङ्मयेतिहासाचे लक्ष सहसा जात नाही. वाङ्मयेतिहासाची मोजणी प्रथमावृत्तीच्या वर्षापासून सुरू होते. त्यापूर्वी ते बाड कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होते, त्याची पोच लेखकाला मिळाली होती की नाही, मध्यंतरीच्या काळात लेखकाने काय केले, या गोष्टी आठवणींच्या आणि पत्रव्यवहारांच्या प्रांतात ढकलल्या जातात. नवलेखकाच्या दृष्टीने मात्र हाच काळ निर्णायक असतो. ज्याची दोन-चार पुस्तके प्रसिद्ध झाली आहेत, त्याला प्रकाशकाच्या विलंबाचा अर्थ लावता येतो. पहिलेच हस्तलिखित पाठविणाऱ्याजवळ असा पूर्वानुभव नसतो. तो विलंबालाच निर्णय समजतो आणि पुष्कळदा लेखन थांबवितो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी लेखकाच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत असलेल्या सिरुसेरीचे उदाहरण या संदर्भात घेता येईल. सिपकॉट या तामिळनाडू शासनाच्या महामंडळाने तेथे माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविले आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले तरुण तेथे नोकरी करतात आणि त्यांत मराठी भाषकही असतात. अशा ठिकाणी राहून कोणी पहिली मराठी कादंबरी लिहिली, अशी कल्पना करावी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाजवळ किंवा मुंबईच्या गिरगावात राहणारा नवलेखक संध्याकाळी प्रकाशकाच्या कार्यालयात डोकावून ‘आमच्या बाडाचे काय झाले?’ असे विचारू शकतो. सिरुसेरीच्या लेखकाला ती सोय नाही. त्याच्या भोवती मराठी पुस्तकांचे दुकान नाही, मराठी वाचकांचा नित्याचा सहवास नाही. प्रकाशकाचे उत्तर हा त्याच्या आणि मराठी वाचकवर्गाच्या दरम्यानचा जवळजवळ एकमेव दुवा असतो. तो दुवा मुका राहिला, तर आपण ज्या भाषेत लिहितो तिच्यात आपल्याला वाचणारे कोणी आहे की नाही, अशीच शंका त्याच्या मनात निर्माण होते.

प्रस्तुत लेखात या विलंबाची कारणे, मराठीतील काही नवलेखकांनी त्याला दिलेले प्रतिसाद आणि त्यांतून निघणारे व्यवहार्य मार्ग यांचा तौलनिक विचार केला आहे.

२. विलंबाची घडण

प्रकाशकाच्या विलंबामागे उपेक्षाच असते असे मानण्याचे कारण नाही. मराठी प्रकाशनसंस्था बहुतांशी लहान आणि कौटुंबिक स्वरूपाच्या राहिल्या आहेत. हस्तलिखित वाचणारा, मुद्रणालयाशी बोलणारा, विक्रेत्यांकडील येणे वसूल करणारा आणि लेखकाला पत्र लिहिणारा माणूस अनेकदा एकच असतो. इंग्रजीच्या बाजारपेठेत लेखक व प्रकाशक यांच्यामध्ये साहित्यिक अभिकर्ता, म्हणजे एजंट, उभा असतो. तो पहिली चाळणी लावतो आणि उत्तरासाठी तगादाही तोच करतो. मराठीत ही मधली पायरी जवळपास नाही. त्यामुळे न मागता आलेली सर्व हस्तलिखिते एकाच टेबलावर साठतात.

दुसरे कारण आर्थिक आहे. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती दीर्घकाळ हजार-अकराशे प्रतींची असे. अपरिचित नावाच्या पुस्तकासाठी तेवढे भांडवल अडकवावे की नाही, याचा विचार प्रकाशक पुढच्या खरेदीच्या हंगामापर्यंत लांबवितो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात अनुदानप्राप्त ग्रंथालयांची खरेदी हा ग्रंथविक्रीचा मोठा आधार बनला. त्या अनुदानाचे वेळापत्रक हे पर्यायाने प्रकाशकाचेही वेळापत्रक झाले. त्यातच दिवाळी अंकांचा हंगाम आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी साहित्यव्यवहाराचे वर्ष दिवाळीभोवती फिरू लागले. पावसाळ्याच्या महिन्यांत संपादक-लेखकांचा मोठा वर्ग त्या कामात गुंतलेला असतो. आषाढात पाठविलेल्या कादंबरीवर अभिप्राय मार्गशीर्षात आला, तर त्यात नवल मानू नये.

तिसरे कारण शिष्टाचाराचे आहे. एक हस्तलिखित एका वेळी एकाच प्रकाशकाकडे पाठवावे, असा मराठीतील जुना संकेत आहे. प्रकाशक सहा महिन्यांत उत्तर देत असेल आणि लेखकाला चार दरवाजे ठोठवावे लागले, तर दोन वर्षे केवळ प्रतीक्षेत जातात. संकेताचा भार असा एकट्या लेखकावर पडतो. उत्तर अमुक मुदतीत द्यावे, असा प्रतिसंकेत मात्र प्रकाशकांच्या बाजूने रूढ झालेला नाही.

या संदर्भात ‘साभार परत’ या मराठी शब्दप्रयोगाचे महत्त्व लक्षात येते. परतीची तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडण्याची पद्धत होती, तेव्हा हे दोन शब्द नवलेखकाला अपमानास्पद वाटत. परंतु ‘साभार परत’ हे एक उत्तर होते. त्याने बाड मोकळे होई आणि लेखक दुसरीकडे जाऊ शके. ई-पत्राच्या काळात पाठविणे सोपे झाले. परत करण्याची गरज मात्र उरली नाही, आणि त्याबरोबर नकार कळविण्याची सवयही क्षीण झाली. नकाराची जागा मौनाने घेतली, हा बदल नवलेखकाच्या दृष्टीने हानिकारक ठरला.

३. संस्थेचे मौन : ‘तृतीय रत्न’

मौनाचा अर्थ नेहमी व्यवहारातील ढिलाई एवढाच असतो असे नाही, हे दाखविणारे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण जोतीराव फुले यांचे आहे. फुले यांनी १८५५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे सादर केले. मराठीत ग्रंथनिर्मितीला उत्तेजन देणारी, आजच्या भाषेत ज्याला प्रकाशन-अनुदान म्हणता येईल असे सहाय्य करणारी, ही त्या काळातील प्रमुख संस्था होती. नाटक स्वीकारले गेले नाही. समितीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे फुले यांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) नोंदविले आहे. ‘तृतीय रत्न’ प्रथम छापले गेले ते १९७९ मध्ये. लेखन आणि मुद्रण यांत १२४ वर्षांचे अंतर पडले.

या घटनेचे दोन पैलू लक्षणीय आहेत. पहिला असा की, निवड करणारी संस्था ज्या समाजगटाच्या हाती असते, त्या गटाला न रुचणारे लेखन ‘योग्य वेळ आली नाही’ या सबबीखाली अनंतकाळ बाजूला ठेवता येते. अशा वेळी धीर धरण्याचा उपदेश नवलेखकाच्या उपयोगाचा नसतो. दुसरा पैलू फुले यांच्या प्रतिसादाचा. त्यांनी ते पुस्तक एका बाजूला ठेवले आणि काही वर्षांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ (१८६९) स्वतःच्या खर्चाने छापले. १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्या निमंत्रणाला उत्तर देताना त्यांनी त्या सभेत सहभागी होण्यास नकार दिला. ज्या व्यवस्थेने आपले पहिले हस्तलिखित नाकारले, तिच्यापुढे पुन्हा रांगेत उभे राहण्याऐवजी त्यांनी आपला स्वतंत्र वाचकवर्ग घडविला. मराठीतील स्वयंप्रकाशनाची चर्चा हौशी कवींच्या संदर्भात होते; तिचा हा पूर्वेतिहास त्या चर्चेत यावयास हवा.

हस्तलिखित प्रकाशकापर्यंत पोहोचण्यापूर्वीचेही एक मौन असते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. तत्पूर्वी कितीतरी वर्षे त्या वह्या त्यांनी घरच्यांच्या नजरेआड ठेवल्या होत्या, आणि मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते लेखन प्रथम ‘स्त्री’ मासिकातून वाचकांसमोर आले. विलंबाचा हिशेब करताना केवळ प्रकाशकाचे टेबल पाहणे म्हणूनच अपुरे ठरते.

४. पत्राने जोडलेला लेखक : धारवाड

सिरुसेरीच्या लेखकाला अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण जी. ए. कुलकर्णी यांचे आहे. जी.ए. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करीत. मुंबई-पुण्याच्या साहित्यवर्तुळापासून ते स्वेच्छेने दूर राहिले. त्यांच्या कथा ‘सत्यकथे’तून प्रसिद्ध होत गेल्या आणि पहिला संग्रह ‘निळा सावळा’ १९५९ मध्ये आला, तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. संपादक, प्रकाशक आणि सहलेखक यांच्याशी असलेला त्यांचा संबंध प्रामुख्याने पत्रांवर उभा होता. त्यांच्या मृत्यूनंतर (१९८७) निवडक पत्रांचे अनेक खंड निघाले, यावरून त्या पत्रव्यवहाराची व्याप्ती लक्षात येते.

येथे विलंबाचे तिसरे रूप दिसते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखालील ‘सत्यकथा’ हस्तलिखितावर बारकाईने काम करण्याबद्दल ख्यात होती. कथा परत येई, तिच्यावर पत्र येई, फेरलेखनानंतर ती पुन्हा जाई. यात वेळ जात असे. पण तो वेळ कृतीवर खर्च होत असे. लेखकाला आपले लिखाण कोणीतरी ओळ न् ओळ वाचले आहे, याची खात्री पटे. दूरस्थ लेखकाला या खात्रीची गरज अधिक असते. धारवाडमध्ये राहून मराठी कथेच्या केंद्रस्थानी येणे शक्य झाले, त्यामागे अशा वाचणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या संपादनपरंपरेचा मोठा वाटा होता.

प्रकाशनाची तारीख ही निव्वळ तांत्रिक बाब नसते, याचाही प्रत्यय जी.एं.च्याच संदर्भात आला. ‘काजळमाया’ या संग्रहाला १९७३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार जाहीर झाल्यानंतर पुस्तकाच्या प्रकाशनवर्षाविषयी वाद उपस्थित झाला आणि जी.एं.नी पुरस्कार परत केला. पुस्तक केव्हा तयार झाले आणि केव्हा प्रसिद्ध झाले मानायचे, या प्रश्नाची किंमत लेखकालाच मोजावी लागली.

५. न थांबण्याची परंपरा

‘सत्यकथे’ची साक्षेपी चाळणी सर्वांनाच न्याय्य वाटली नाही. तिच्या अभिरुचीत न बसणाऱ्या लेखनाला तेथील विलंब आणि नकार हे सारखेच होते. १९५५ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी चक्रमुद्रित ‘शब्द’ सुरू केले. १९६० नंतर अशोक शहाणे यांचे ‘असो’ आणि पुढे अनेक लघुनियतकालिके निघाली. १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी करण्यापर्यंत हा संघर्ष पोहोचला. त्याच दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी तत्कालीन औरंगाबादहून चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांच्या पहिल्या लेखनाला मुंबई-पुण्याबाहेर हक्काची जागा दिली.

या चळवळीकडे बंडखोरी म्हणून पाहिले जाते. तिची एक साधी व्यावहारिक बाजू अशी की, चक्रमुद्रण यंत्र हाताशी असल्यावर संपादकाच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. कोलटकरांची कविता १९५० च्या दशकापासून वाचली जात होती. त्यांचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ मात्र १९७७ मध्ये प्रास प्रकाशनातर्फे आला. त्यापूर्वीच्या वर्षी ‘जेजुरी’ ही इंग्रजी कविता ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींच्याच सहकारी प्रकाशनसंस्थेने पुस्तकरूपात काढली होती. सुमारे दोन दशके पुस्तक नसतानाही कवी अस्तित्वात होता, कारण कविता हस्ते-परहस्ते फिरत होती.

याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे लेखन आणि प्रकाशन दोन्ही १९६३ या एकाच वर्षातील आहे. प्रकाशक रा. ज. देशमुख यांनी पंचवीस वर्षांच्या नवलेखकावर टाकलेला विश्वास हे त्याचे कारण होते. हा वेग अपवादात्मक होता. पण विलंब हा मराठी ग्रंथव्यवहाराचा अटळ धर्म नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

६. तौलनिक संदर्भ

अमेरिकन कादंबरीकार जॉन केनेडी टूल याची हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ या कादंबरीसंबंधी १९६४ पासून एका प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेच्या संपादकाशी त्याचा दीर्घ पत्रव्यवहार चालला. दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, पण पुस्तक निघाले नाही. १९६९ मध्ये टूलने आत्महत्या केली. त्याच्या आईच्या चिकाटीने ते हस्तलिखित कादंबरीकार वॉकर पर्सी यांच्यापर्यंत पोहोचले, १९८० मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले आणि १९८१ मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच्या मृत्यूचे कारण केवळ त्या पत्रव्यवहारात शोधणे सरधोपट होईल. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, उत्तरे मिळत असूनही निर्णय लांबत गेला आणि लेखकाने आपले सर्व भवितव्य एकाच टेबलाशी बांधले.

सिरुसेरीच्या लेखकाभोवती जी तमिळ साहित्यसृष्टी आहे, तिच्यातही समांतर उदाहरणे आढळतात. सी. सु. चेल्लप्पा यांनी १९५९ मध्ये ‘एळुत्तु’ हे लघुनियतकालिक सुरू केले आणि तमिळ नवकवितेला व समीक्षेला घर मिळवून दिले. तोवर ते प्रस्थापित लेखक होते. तरीही आयुष्याच्या अखेरीस ‘सुदंदिर दागम’ ही बृहत् कादंबरी त्यांनी १९९७ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २००१ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्या कादंबरीला मरणोत्तर मिळाला. मराठी आणि तमिळ लघुनियतकालिकांचा कालखंड व कार्य यांतील हे साम्य स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

तिसरा संदर्भ साहित्याबाहेरचा असला तरी सिरुसेरीचाच आहे. तेथील चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या गणितज्ञांनाही संशोधनपत्रिकांच्या निर्णयाची अनेक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ, वाट पाहावी लागते, आणि एक शोधनिबंध एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठविण्याचा दंडक तेथे अधिकच कडक आहे. तथापि १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्काइव्ह’ या पूर्वप्रत-संग्रहामुळे त्यांचा प्रश्न बराचसा सुटला. निबंध तेथे ठेवला की अभ्यासक तो वाचू लागतात. पत्रिकेची मान्यता सावकाश येते. प्रसार आणि मान्यता या दोन क्रिया त्यांनी वेगळ्या केल्या. मराठी लघुनियतकालिकांनी चक्रमुद्रणाच्या साहाय्याने हेच साधले होते.

७. नवलेखकासमोरील मार्ग

उपरोक्त विवेचनावरून काही व्यवहार्य सूत्रे मांडता येतात.

पहिले सूत्र पोच आणि मुदत यांचे आहे. हस्तलिखित पाठवितानाच पोच मागावी आणि साधारण किती अवधीत निर्णय अपेक्षित आहे, हे नम्रपणे विचारावे. मुदत उलटल्यावर एक स्मरणपत्र पाठवावे. त्यालाही उत्तर न आल्यास ‘अमुक तारखेपर्यंत कळविले नाही, तर हस्तलिखित अन्यत्र पाठवीत आहे’ असे लिहून मोकळे व्हावे. एकाच प्रकाशकाशी बांधून घेण्याचा संकेत प्रकाशक उत्तर देतो या गृहीतकावर उभा आहे. ते गृहीतक ढळले की संकेतही बंधनकारक राहत नाही.

दुसरे सूत्र कायद्याचे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार हक्क लेखनाबरोबरच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हस्तलिखित केवळ वाचावयास दिल्याने कोणताही हक्क प्रकाशकाकडे जात नाही, कारण हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. स्वीकृतीनंतर पुस्तक रखडते, तेव्हा कलम १९ ची तरतूद ध्यानात ठेवावी : करारात वेगळी मुदत नमूद नसेल आणि हस्तांतरित हक्काचा एक वर्षाच्या आत वापर झाला नाही, तर ते हस्तांतरण संपुष्टात आले असे मानले जाते. करारपत्रातील ‘वेगळी मुदत’ कोणती, हे सही करण्यापूर्वी वाचणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

तिसरे सूत्र प्रसाराचे. कादंबरी प्रकाशकाकडे असतानाच तिच्यातील एखादे स्वयंपूर्ण प्रकरण नियतकालिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे पाठविता येते. मात्र ते प्रकाशकाला कळवावे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुस्तक होण्यापूर्वी ‘मौज’मधून वाचकांसमोर आली होती. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिचाही विचार करावा.

चौथे सूत्र सावधगिरीचे. लेखकाच्या पैशाने पुस्तक काढून देणारे व्यावसायिक आता सर्वत्र आहेत आणि त्यांचे उत्तर तत्काळ येते. स्वखर्चाने छापण्यात कमीपणा काहीच नाही. फुले आणि चेल्लप्पा यांचा दाखला पुरेसा आहे. परंतु पैसे भरताच मिळणारा होकार हा वाचनाचा पुरावा नव्हे. आपले लेखन कोणी वाचले आहे का, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून स्वयंप्रकाशनापूर्वी दोन-तीन कठोर वाचक मिळविणे आणि त्यांच्या सूचनांवर काम करणे अत्यावश्यक ठरते. दूर राहणाऱ्या लेखकाला हे पत्राने साधते, हे धारवाडच्या उदाहरणाने दाखविले आहे.

पाचवे सूत्र सर्वांत साधे आहे. पहिले हस्तलिखित टपालात पडले की दुसरे सुरू करावे. त्यामुळे उत्तर नकाराचे आले किंवा आलेच नाही, तरी लेखकपण टिकून राहते.

८. समारोप

विलंबाची तीन रूपे येथे वेगळी करता आली. व्यवहाराच्या रचनेतून येणारा विलंब मुदत घालून हाताळता येतो. संपादनातून येणारा विलंब सोसण्याजोगा असतो, कारण त्यात कृती समृद्ध होते. वगळणुकीतून येणाऱ्या विलंबाला मात्र प्रतीक्षा हे उत्तर नाही. तेथे पर्यायी मार्ग उभारावा लागतो. नवलेखकाची खरी अडचण अशी की, बाहेरून पाहताना ही तिन्ही रूपे सारखीच दिसतात. ती ओळखण्याचे साधन त्याच्या हाती देणे हे प्रकाशकाचे किमान कर्तव्य आहे आणि त्यासाठी एका ओळीचे पत्रही पुरते.

१८०६ मध्ये तंजावरला सरफोजीराजांच्या मुद्रणालयात ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले. आश्रयदाता आणि मुद्रक तेथे एकच असल्याने उत्तराची वाट पाहण्याचा प्रश्न उद्भवला नसावा. त्याच तमिळ प्रदेशात आज मराठीत लिहिणाऱ्यामागे राजाश्रय नाही. त्याचे वाचक शेकडो कोसांवर आहेत आणि त्यांच्यापर्यंतचा रस्ता एका अनोळखी संपादकाच्या टेबलावरून जातो. मराठीच्या भौगोलिक सीमेबाहेर लिहिले जाणारे साहित्य भाषेत सामावून घ्यावयाचे असेल, तर त्या टेबलावरून होकार किंवा ‘साभार परत’ यांपैकी काहीतरी वेळेवर निघाले पाहिजे.